दाखला काढण्याआधी

पालकहो,

नववीचा निकाल लागल्यापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत हायस्कूलच्या ऑफिसात एक ठरलेला अर्ज येत राहतो. अर्ज घेऊन येणारं माणूस कधी कोतवाल गावचं असतं, कधी देवळ्याचं, कधी विन्हेऱ्याच्या बाजूचं. बहुतेक वेळा आईच आलेली असते, कारण बाबा मुंबईला, नाहीतर सुरत-बडोद्याकडे. "बाई, दाखला द्या. पोरगा नाय म्हणतो शाळंला," एवढं सांगून ती खाली बघते. पुढे काही विचारू नये असं तिला वाटत असतं. मुलीचा दाखला न्यायला आलेली माणसं तर कारणही सांगत नाहीत.

महाड-पोलादपूरच्या मुलांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अर्जाविषयी आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे. ज्यांच्या घरात हा विषय निघाला आहे त्यांच्याशी बोलायचं आहेच. पण ज्यांचं मूल हल्ली सकाळी दप्तर उचलताना कुरकुरायला लागलं आहे, त्यांनीही हे ऐकावं.

आधीच सांगते, शाळा सोडायचा विचार मनात येणं हा तुमचा गुन्हा नाही आणि मुलाचाही नाही. जिथे रोज जायचं तिथे काहीच जमत नसेल, तर पंधरा वर्षांचं मूल नको म्हणणारच. घरातलं कमावतं माणूस अंथरुणाला खिळलं, तर आईची नजर थोरल्या मुलाकडे वळणारच. माझी तक्रार वेगळी आहे. दाखला काढणं हा शेवटचा उपाय आहे आणि आपल्याकडे तो सगळ्यात आधी वापरला जातो. मुलाच्या 'नको'मागे काहीतरी कारण असतं. ते सापडलं तर बहुतेक वेळा शाळा सोडायची गरज उरत नाही. ते न शोधताच शाळा सोडली, तर तेच कारण मुलाबरोबर कामाच्या ठिकाणी जातं आणि तिथेही त्याला छळतं.

म्हणून आपण आधी कारणं बघू.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे वर्गात चाललेलं मुलाला कळत नाही. आज नववी-दहावीत असलेल्या मुलांचा हिशेब मांडून बघा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गांत होती. भागाकार, अपूर्णांक, न अडखळता वाचणं हे सगळं पक्कं होण्याची तीच वर्षं. ऑनलाइन शिकवणं सुरू झालं तेव्हा कुडपणसारख्या डोंगरातल्या गावांत रेंज शोधत फिरावं लागे, आणि कितीतरी घरांत एकच फोन होता, तोही बाबांबरोबर मुंबईत. त्यातून सावरतोय तोवर २२ जुलै २०२१ उजाडला. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे माणसं गाडली गेली. ज्या घरात चिखल भरला, ज्या घरातलं माणूस गेलं, तिथे पोरांचा अभ्यास कुणाच्या ध्यानात राहणार होता?

पुढे मूल वर्गामागून वर्ग वर सरकत राहिलं, पण राहिलेलं राहूनच गेलं. तुमच्यातले कितीतरी जण गवंडीकाम करतात, चिऱ्याच्या भिंती बांधतात. खालच्या थरातला एखादा चिरा बसवायचा राहिला, तर वरचे थर कितीही ओळंब्यात घेतले तरी भिंत धड राहत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. नववीतला मुलगा "गणित जमत नाय" म्हणतो तेव्हा बीजगणिताशी त्याचं भांडण नसतं. चौथीतला भागाकार राहिलेला असतो. तो शिकायला काही महिने पुरतात, पण नववीत असून चौथीचं येत नाही हे कबूल करायला मुलाला मरणाची लाज वाटते. ती लाज आपण काढायची. एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या मुलीला, निवृत्त गुरुजींना, वाडीतल्या शिकलेल्या सुनेला गाठा. रोज एक तास, फक्त पाचवीपर्यंतचं गणित आणि मोठ्याने वाचन. दहावीला शंभरपैकी वीस गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, लेखी परीक्षा ऐंशीची असते आणि पास व्हायला पस्तीस लागतात. रोजच्या त्या एका तासाने हे अंतर कापून निघतं.

इथे शाळांबद्दलही बोललं पाहिजे. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून काही शाळा कच्च्या मुलाला नववीतच अडवतात, किंवा पालकांना बोलावून हळूच "सतरा नंबरचा फॉर्म भरा", म्हणजे शाळा सोडून बाहेरून दहावीला बसवा, असं सुचवतात. असं झालं तर मान डोलावून परत येऊ नका. नववीची पुनर्परीक्षा कधी आहे ते विचारा, कोणत्या विषयात किती कमी पडले ते मागा, मुलाच्या उत्तरपत्रिका बघायला मागा. शाळा तुमच्या मुलासाठी आहे, निकालाच्या फलकासाठी नाही. तुम्ही विचारलंत म्हणून कुणी तुमच्या मुलावर राग काढेल अशी भीती वाटत असेल, तर दोघं-तिघं पालक मिळून या. हे आम्हा शिक्षकांनाही बरंच असतं. विचारणारा पालक असला की आम्हीही जास्त जागे राहतो.

काही मुलांची अडचण आणखी वेगळी असते. तोंडी विचारलं तर फडाफडा सांगतात, मोटरसायकलचं इंजिन उघडून परत जोडतात, पण वाचताना अक्षरं उलटसुलट होतात आणि लिहिताना काना-मात्रा गळतात. अशा मुलाला वर्षानुवर्षं 'आळशी' आणि 'ढ' ऐकावं लागतं. ही अध्ययन अक्षमता असू शकते आणि ती तपासता येते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी खास विभाग आहे, आणि तुमच्यापैकी अर्ध्या घरांचं कुणी ना कुणी मुंबईत आहेच. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्ड परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत सवलत देतं. पण हे दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावत येऊन होत नाही. आठवी-नववीतच सुरुवात करावी लागते.

आणि कधीकधी कारण बाहेरून अगदी एवढंसं दिसतं. वर्गात सगळ्यांसमोर कुणी काही बोललेलं असतं. जातीवरून, कपड्यांवरून, बापाच्या दारूवरून. एसटी स्टँडवर कुणी मुलीच्या मागे लागत असतं आणि घरी सांगितलं तर शाळाच बंद होईल म्हणून ती गप्प असते. मग अचानक तिचं पोट दुखायला लागतं, डोकं दुखायला लागतं, आणि एक दिवस ती स्वतःच म्हणते, मला नाही जायचं. अशा वेळी शिक्षा मुलीला होते आणि त्रास देणारा मोकळा फिरतो. मुलीने सांगितलं तर तिचं ऐकून घ्या, आम्हाला सांगा. अशा मुलांसाठी १०९८ हा चोवीस तासांचा फोन नंबर आहे, तोही तिला माहीत असू द्या.

आपल्या डोंगरी भागात रस्ता हेही एक मोठं कारण आहे. चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत शाळा गावात. हायस्कूल मात्र कापडे, पोलादपूर, बिरवाडी, महाड अशा ठिकाणी. सकाळची गाडी चुकली की दिवस गेला. पावसाळ्यात ओढे भरतात, दरडींच्या भीतीने घाटरस्ते बंद होतात, एसटीची फेरी रद्द होते. संध्याकाळी उशिरा पोचणाऱ्या मुलीसाठी आईचा जीव फाट्यावर अडकलेला असतो. ही काळजी खरी आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण काळजीवरचा उपाय शाळा बंद करणं हा नसावा. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत पास मिळतो. वाडीतल्या चार मुली एकत्र येत-जात असतील तर निम्मी भीती कमी होते, म्हणून एकीची शाळा बंद करताना बाकीच्या तिघींची सोबतही आपण तोडत असतो हे ध्यानात घ्या. गाडीची वेळ शाळेशी जुळत नसेल तर गावाने मिळून आगाराला लेखी अर्ज द्या, शाळेचं पत्र जोडा. ते पत्र आम्ही आनंदाने देऊ. आणि जिथे खरंच येण्या-जाण्याची सोय नाही, तिथे समाजकल्याणच्या आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांची चौकशी करा. आदिवासी वाड्यांवरच्या पालकांसाठी पेणचं प्रकल्प कार्यालय आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जाताना मुलांना बरोबर नेण्याऐवजी वसतिगृहात ठेवता येतं का, हे निघण्याआधी विचारा. परत आल्यावर वर्ष निघून गेलेलं असतं.

मुलीच्या बाबतीत रस्त्याचं कारण पुढे करून कधीकधी आत स्थळ ठरलेलं असतं. मुंबईतला मुलगा, स्वतःची खोली, हुंडा नको, असं सगळं. अठरा वर्षांच्या आत लग्न कायद्याने होत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मला त्याच्या पुढचं सांगायचं आहे. दहावी-बारावी झालेल्या मुलीवर उद्या सासरी वाईट वेळ आली, तर अंगणवाडीपासून दवाखान्यातल्या कामापर्यंत कुठेतरी अर्ज करायची तिला सोय असते. शाळा मध्येच सुटलेल्या मुलीला माहेरी परतण्यावाचून मार्ग नसतो, आणि माहेर तरी तिला किती दिवस म्हणतं आमचीच?

आता पैशाचं. शेती पोटापुरती, तीही पावसावर. भात लावणी-कापणीला हात लागतात. बाबांचं काम सुटलं, आई आजारी पडली, की घर मुलाकडे बघतं. इथे मी उपदेश करणार नाही, पण काही गोष्टी तुमच्यापर्यंत पोचत नाहीत त्या सांगते. मुलगा-मुलगी आठवीत असेल तर एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला लावा. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आई किंवा वडील हयात नसलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपयांची मदत असते. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे करायचा. बांधकाम कामगार म्हणून तुमची नोंदणी असेल, तर कल्याण मंडळाकडून आठवी ते दहावीच्या मुलाला, पुरेशी हजेरी असेल तर, वर्षाला ५,००० रुपये मिळतात. आणि तुमची नोंदणीच नसेल तर ती आधी करून घ्या. मुलाला कामाला लावून वर्षभरात हातात जे पडेल, त्यातला किती भाग या मार्गांनी भरून निघतो, हे कागदावर मांडून बघा. आम्ही शिक्षक तुमच्याबरोबर बसून मांडू.

आणि शेवटचं कारण म्हणजे बाहेरची ओढ. मागच्या वर्षी शाळा सोडलेला मित्र गणपतीला येतो तो नवा फोन घेऊन. शिमग्याला येतो तो कुणाच्या तरी मोटरसायकलवर. शाळेतल्या मुलाला वाटतं, मी इथे त्रिकोण काढत बसलोय आणि हा कमावतोय. मित्र कुठल्या खोलीत किती जणांबरोबर झोपतो, पगार कधी हातात पडतो, आजारी पडला तर पैसे कापतात की नाही, हे तो गणपतीच्या आठ दिवसांत सांगत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही स्वतः ते भोगलं आहे. बाबांनो, तुम्ही मुंबईत कसे दिवस काढलेत ते तुमच्या मुलाला कधी सांगितलंत का? आपण घरी हसत येतो, पोरांना खाऊ आणतो आणि कष्ट मुंबईतच ठेवून येतो. एकदा ते मुलापुढे मांडा. माझं सगळं भाषण एकीकडे आणि बापाने खऱ्या पगाराचा आकडा सांगणं एकीकडे.

"शिकून तरी काय होतं?" हा प्रश्न मला कायम विचारला जातो. पदवी घेतलेली मुलं घरी बसलेली तुम्ही बघता, म्हणून तो रास्त आहे. मी पदवीचं बोलतच नाही. मी दहावीचं बोलते आहे, आणि दहावीने काय होतं ते आपल्याच भागातलं सांगते.

महाडची एमआयडीसी रसायनांची. तिथल्या प्लांटवर ऑपरेटर व्हायचं असेल तर आयटीआयत अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्याला विज्ञान-गणितासह दहावी पास लागते. फिटर, इलेक्ट्रिशियनलाही तेच. दहावी नसलेला त्याच फाटकातून आत जातो, पण कंत्राटदाराकडून, गोणी उचलायला. रसायनांसारख्या धोकादायक कामावर अठरा वर्षांखालच्या मुलाला ठेवणं कायद्याने बंद आहे. तरी वय वाढवून लावतात, आणि कागदावर जो नाही त्याच्यावर काही प्रसंग आला तर भरपाई कुणाकडे मागणार? नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्याच एका औषध कारखान्याला आग लागून ११ कामगार गेले, ते आपण विसरलेलो नाही.

फौजी आंबवड्यासारखी घराघरांतून सैनिक दिलेली गावं आपल्या तालुक्यात आहेत. पोरं पहाटे रस्त्यावर धावायला जातात, छाती फुगवून दाखवतात. पण अग्निवीर जनरल ड्युटीला दहावी पास लागते आणि एकूण ४५ टक्के गुण लागतात. पोलिसात शिपाई व्हायला बारावी. नुसतं धावून भागत नाही. दासगावपासून खाडीपट्ट्यातल्या अनेक घरांतली माणसं आखातात जातात. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का येतो आणि सौदी, कतार, कुवेतसारख्या देशांत कामाला जाताना त्याला सरकारची वेगळी मंजुरी काढावी लागते. इथेच एजंट त्याला नाडतात. दहावीचं प्रमाणपत्र असेल तर तो शिक्का येत नाही. आणि शिकायचं मन झालंच, तर दहावीनंतर डिप्लोमाचा रस्ता आहे. तंत्रशास्त्राचं अख्खं विद्यापीठ आपल्याजवळ लोणेऱ्याला आहे.

ज्या भागात आपण राहतो त्या भागाची एक आठवणही इथे सांगायला हवी. १९ मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्या परिषदेतल्या अध्यक्षीय भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी आईबापांना उद्देशून जे सांगितलं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. आपल्या मुलांची स्थिती आपल्यापेक्षा बरी व्हावी ही इच्छा ज्यांच्या मनात नाही, अशा आईबापांना त्यांनी फार कडक शब्दांत सुनावलं होतं. समोर बसलेले लोक तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी गरीब होते. तरी त्यांच्याकडून ही अपेक्षा बाबासाहेबांनी केली.

ती परिषद घडवून आणण्यात सगळ्यात पुढे होते रामचंद्र बाबाजी मोरे, कॉम्रेड आर. बी. मोरे. १९०३ साली महाड तालुक्यातल्या लाडवलीत जन्मलेले. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही अस्पृश्य म्हणून त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्या पोराने दाद मागितली आणि शाळेला दार उघडावं लागलं. पुढे घरच्या ओढगस्तीत त्यांचं शिक्षण तुटत गेलं, मिळेल ती कामं करावी लागली. मोरे पुढे मोठे कार्यकर्ते झाले, चळवळीचे नेते झाले. "बघा, शाळा सुटली तरी मोठे झाले की," असं कुणी म्हणेल. मला त्यात वेगळं दिसतं. ज्याची शाळा परिस्थितीने हिरावली, तो माणूस आयुष्यभर वाचत-लिहीत राहिला आणि दुसऱ्यांसाठी दारं उघडायला झटला. शाळेला नको म्हणणारी माणसं त्या काळात इथे नव्हती. शाळेने नको म्हटलेली माणसं होती. त्यांनी भांडून मिळवलेला वर्गातला बाक आपण एका अर्जावर सोडून देतो, तेव्हा निदान थांबून विचार तरी करू.

मग घरात बोलायचं कसं? मला जे उपयोगी पडताना दिसलं ते सांगते.

हा निर्णय फोनवर घेऊ नका. बाबा मुंबईतून ओरडतात, "नाय जायचं तर नको जाऊ, ये इकडे कामाला," आणि रागातलं ते वाक्य निर्णय होऊन बसतं. बाबांनो, दोन दिवसांची रजा काढून या. गावकीच्या बैठकीला, पालखीला तुम्ही येताच की. मुलाच्या शाळेसाठीही एकदा या. मुलाशी जेवताना बोलू नका, पाहुण्यांसमोर तर नाहीच. शेतावर जाताना, गुरं आणताना, दोघंच असताना विचारा. "का जायचं नाही?" असं विचारलं की मूल गप्प होतं. "शाळेत दिवसातला कुठला तास सगळ्यात वाईट जातो?" असं विचारून बघा. उत्तरात कारण सापडतं. मारू नका. मारलेलं मूल दोन दिवस शाळेत येतं आणि तिसऱ्या दिवशी घरातूनही पळतं.

कारण कळलं की मुलाबरोबर मुदतीचा करार करा. "दिवाळीपर्यंत जा. मी तुझ्या गणिताची सोय करतो, तुला त्रास देणाऱ्या मुलांबद्दल सरांशी बोलतो. दिवाळीला आपण परत बसू." आणि दिवाळीला खरंच बसा. आपलं म्हणणं ऐकलं जातं हे कळलेलं मूल बरंच सोसायला तयार होतं. त्याला वाटतंच असेल की काम करून बघावं, तर मे महिन्याच्या सुट्टीत घरच्याच कुणाच्या ओळखीने, नजरेखाली आणि सुरक्षित कामात चार दिवस त्याला बरोबर न्या. त्यानंतर तो जे बोलेल ते नीट ऐका.

हे सगळं करूनही काही घरांत शाळा थांबवावी लागते, हे मी पाहिलं आहे. त्या आईबापांना मी दोष देत नाही. त्यांना एवढंच सांगते की परतीचा रस्ता ठेवून थांबवा.

दहावीत एक-दोन विषय राहिले असतील तर शाळा संपलेली नाही. २०१५ पासून जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते, आणि एटीकेटीच्या सवलतीत अकरावीला प्रवेशही मिळतो. नापास झाल्याच्या दिवशी मुलाला हे आधी सांगा, बाकीचं नंतर. नियमित शाळा सुटलीच, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. फॉर्मची मुदत शाळा सुरू झाल्यावर काही महिन्यांतच संपते, तिच्यावर लक्ष ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, चौदा वर्षं पूर्ण झालेल्याला दहावीला प्रवेश देतं. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते आणि एकेक विषय सोडवत जाता येतं. वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड आठवी पास मुलांना खुले असतात. आठवीनंतर दोन वर्षांचा ट्रेड आणि भाषेचे विषय पूर्ण करून दहावीची समकक्षताही मिळवता येते, त्याची चौकशी आयटीआयतच करा. मूल कामाला गेलं तरी त्याची पुस्तकं, गुणपत्रकं, आधार, जातीचा दाखला एका पिशवीत घालून उंचावर ठेवा. आपल्याकडे पाणी कुठवर चढतं ते आपण पाहिलं आहे. आणि परत परीक्षेला बसायचं साल आजच ठरवा, मुलासमोर बोलून दाखवा. साल ठरलेलं नसेल तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणता म्हणता पोरगा तिशीचा होतो.

पालकहो, मूल शाळेतून निघाल्यावर आम्ही पटावरचं एक नाव कमी करतो. तुमच्या घरात मात्र ते मूल रोज असतं, आणि पाच वर्षांनी "तुम्ही मला थांबवलं का नाहीत?" हा प्रश्न ते तुम्हालाच विचारतं. तो प्रश्न आईबापांच्या तोंडावर विचारणारी तरुण मुलं मला भेटली आहेत, म्हणून इतकं कळकळीने सांगते आहे. दाखल्याचा अर्ज लिहून झाला असेल तरी हरकत नाही. तो द्यायला याल तेव्हा मुलाला बरोबर आणा आणि वर्गशिक्षकांसमोर तासभर बसा. कारण काय, त्यावर काय करून पाहिलं, आणि थांबायचंच असेल तर परत कधी आणि कुठल्या मार्गाने, या तीन गोष्टी तिघांनी मिळून कागदावर लिहा. तो कागद लिहून झाल्यावरही दाखला हवा असं वाटलं, तर आम्ही अडवणार नाही. पण तो कागद लिहिल्याशिवाय दाखला मागू नका, आणि आम्ही तो कागद न मागता दाखला दिला तर आम्हालाही जाब विचारा.